घराची पॉलिसी कंपनीनं रिन्यू केली नाही, हे प्रकरण आलं कुठनं

कोल्हापुरात जुलै लागला की जो तो पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी विचारत सुटतो, ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ आहे. पण घराच्या विम्याची मुदत कधी संपते ते विचारा, बऱ्याच घरात कुणालाच सांगता येणार नाही. मग कधीतरी कळतं की पॉलिसी संपली आणि कंपनी परत द्यायला तयार नाही, किंवा एजंट नुसता टोलवतोय. एवढी वर्षं पैसे भरले आणि आता नाही म्हणतायत, असा राग येतो आणि तो बरोबरच आहे, पण कंपनीला नाही म्हणता येतं.

आपल्याला सवय लागलीय मेडिक्लेमची. तिथं २०१३ च्या नियमांपासून आयुष्यभर रिन्यूअल द्यावंच लागतं, फसवणूक वगैरे असेल तर वेगळं. घराच्या विम्याला असा नियम कधी आलाच नाही. तो मुदतीचा करार, मुदत संपली की दोघांची मर्जी असेल तर पुढं.

पूर्वी हा प्रश्न एवढा का नव्हता? कारण १ जानेवारी १९७३ ला १०७ विमा कंपन्या गुंडाळून नॅशनल, न्यू इंडिया, ओरिएंटल आणि युनायटेड इंडिया या चार सरकारी कंपन्या झाल्या आणि आगीच्या विम्याचे दर (घराचा विमा त्यातच यायचा) टॅरिफ कमिटी, म्हणजे सगळ्यांसाठी एकच दरपत्रक काढणारी समिती, ठरवायची. चारही ठिकाणी दर तोच, त्यामुळं पूर येणाऱ्या सखल दुधाळीतलं घर आणि राजारामपुरीच्या चढावरचं घर यात फार फरक करायचा प्रश्नच नव्हता. २००१ च्या दरपत्रकात तर पूर-वादळाचं कव्हर पॉलिसीतच होतं, वर ते काढून टाकून थोडा डिस्काउंट घ्यायची सोय पण होती (पंचगंगेकाठी राहून ते काढणाऱ्याला काय म्हणायचं!). भूकंप मात्र जादा पैसे भरून घ्यायचा, १९६७ चा कोयनेचा हादरा अनुभवलेल्या पट्ट्यात सुद्धा.

मग विम्यासाठी नियामक संस्था आणणारा १९९९ चा आयआरडीए कायदा आला, खाजगी कंपन्या आल्या, १ जानेवारी २००७ पासून आगीच्या विम्याचे दर मोकळे झाले. सुरुवातीला सगळे खूश, कारण स्पर्धेत दर पडले. पण दर मोकळे म्हणजे जोखीम बघून जास्त पैसे मागायची किंवा नकोच म्हणायची मोकळीक पण आली. त्यात २००५ चा पूर झालेला, मग २०१९ ला बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, शिरोलीजवळ हायवे बंद, आणि दोनच वर्षांनी २०२१ ला परत तेच. शुक्रवार पेठेतल्या माणसासाठी ते घर असतं, अंडररायटरसाठी, म्हणजे विमा द्यायचा का आणि किती दरानं हे ठरवणाऱ्या कंपनीच्या माणसासाठी, एक पिनकोड आणि मागचे क्लेम.

दुसरी भानगड होमलोनची. आपल्याकडं घराचा विमा बहुतेकांनी स्वतःहून घेतलेलाच नसतो, बँकेनं कर्जासोबत लावलेला असतो, कागद पण बँकेच्या फायलीत. कर्ज फिटलं की पॉलिसी कधी संपली ते कुणी बघत नाही. म्हणजे कंपनीनं नाकारलंय असं वाटतं तिथं कित्येकदा कुणी मागितलेलंच नसतं.

ज्यांची पोरं अमेरिकेत आहेत त्यांनी ‘नॉनरिन्यूअल’ (पॉलिसी पुढं न चालवणं) हा शब्द फोनवर ऐकला असेल. तिथं ही गोष्ट जुनी आहे. १९६५ ला लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागात दंगल झाली, अशा वस्त्यांना कंपन्या विमा देईनात, म्हणून १९६८ ला ‘फेअर प्लॅन’ निघाले, कुणीच घेत नसेल त्यासाठी शेवटचा आसरा. आता कॅलिफोर्नियात तेच वणव्यांमुळं चाललंय, स्टेट फार्म या तिथल्या विमा कंपनीनं २०२४ मध्ये सुमारे ७२ हजार पॉलिसी पुढं न चालवायचं जाहीर केलं. पण तिथं कंपनीला ७५ दिवस आधी कळवावं लागतं, आणि आणीबाणी जाहीर झालेल्या वणव्याच्या भागात वर्षभर नाकारता येत नाही. गंमत म्हणजे तिथल्या साध्या घरविम्यात पूर नसतोच, त्याची १९६८ पासून वेगळी सरकारी योजना आहे.

आपल्याकडं असा शेवटचा आसरा नाही. माझ्या मते कोल्हापूर-सांगलीसारख्या पट्ट्यात तो आधी हवा होता. झालं ते एवढंच की १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ ही सगळ्या कंपन्यांची एकसारखी पॉलिसी आली, त्यात पूर, भूकंप, दरड सगळं आहे, आणि १० वर्षांपर्यंत एकदम घेता येते, म्हणजे तेवढी वर्षं रिन्यूअलची कटकटच नाही. २०२४ च्या नियमांनी मुदत चालू असताना कंपनीला पॉलिसी मध्येच रद्द करायची तर सिद्ध झालेली फसवणूक हेच कारण चालतं, ते पण सात दिवसांची नोटीस देऊन. मुदत संपल्यावर मात्र हे संरक्षण नाही. त्यामुळं पूरपट्ट्यात घर असेल तर कंपनीला लेखी विचारायचं, दुसऱ्या दोन-तीन कंपन्यांचे दर काढायचे, मागचा क्लेम लपवायचा नाही, आणि हे सगळं मे महिन्यात उरकायचं, पाणी चढायला लागल्यावर नवीन पॉलिसी कोण देणार.