फुले २६५ची नोंद का अडते?

लागणीचे दिवस आले की बारामती, इंदापूर, दौंडकडच्या साखर कारखान्यांच्या गट ऑफिसांत एक वाद हमखास निघतो. ऊस नोंदीच्या फॉर्मवर उसाच्या जातीच्या रकान्यात '२६५' दिसलं की काही कारखाने कां-कू करतात, नोंद घेतलीच तर तोड मागे ढकलतात. टनेज देतो, पण उतारा (उसातून निघणाऱ्या साखरेची टक्केवारी) पाडतो, हा त्यावरचा आक्षेप.

टनेज आणि उताऱ्याची ही ओढाताण मात्र जुनी आहे. नीरेच्या कालव्यांवर पूर्वी पुंड्या ऊस असायचा. जाड, रसाळ, पण नाजूक. कांडी लावून वाढणाऱ्या पिकात नवी जात काढायची तर तुऱ्यातलं बी उगवायला हवं. ते उगवतं हे १८८८च्या सुमारास जावा आणि बार्बाडोसमध्ये पक्कं झालं. कोइम्बतूरच्या ऊस पैदास केंद्रात १९१२ साली गोड उसाचा संकर थेट कास या नदीकाठच्या रानगवताशी केला गेला. कासात साखर नावालाच, पण फुटवा आणि चिवटपणा भरपूर. त्यातून निघालेला को २०५ ('को' म्हणजे कोइम्बतूर) १९१८ साली पंजाबात गेला. आपल्याकडच्या जाड उसासाठी संकराची रोपं पुन्हा पुन्हा गोड उसाशी जुळवावी लागली. (कोइम्बतूरला पुढे उसाचे ज्वारीशी आणि बांबूशीही संकर झाले. ज्वारीसारखा झटपट येणारा ऊस मात्र अजून कुणाच्या रानात आलेला नाही.)

जावाच्या रक्ताचा को ४१९ आला आणि पुंड्या मागे पडला. मग ७४०, साखरेला भारी म्हणून कारखान्यांचा लाडका ६७१, आणि त्याच ६७१चा ६२१९८शी संकर करून काढलेला ८६०३२. आपल्या हवेत तुरा येतो, पण बी सहसा धरत नाही. म्हणून पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्रात कोइम्बतूरहून बी आणायचं, रोपं करायची आणि निवडत बसायचं. एका जातीला दहा-बारा वर्षं सहज जातात. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटने संकरासाठी आंबोलीचा घाट गाठला तो याच अडचणीपायी.

२६५ पाडेगावचाच, २००७ साली प्रसारित झालेला. आई को ८७०४४. परागसिंचन मुक्त, त्यामुळे बाप कोण ते कागदोपत्री नाही. क्षारपड रानात जिथे ८६०३२ पिवळा पडून बसतो तिथे हा तग धरतो. वजन चांगलं आणि शिफारस तिन्ही हंगामांसाठी, त्यामुळे तो ८६०३२च्या खालोखाल पसरला. पक्व व्हायला मात्र वेळ घेतो. गाळपाच्या सुरुवातीलाच कोयता लागला तर साखर कमी भरणारच.

खरी मेख दरात आहे. २००९पासून एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेला उसाचा किमान दर, कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर ठरते. त्यासाठीचा पायाभूत उतारा आधी ९.५ टक्के होता, २०१८-१९ला १० झाला आणि २०२२-२३पासून १०.२५ आहे. शेतकऱ्याच्या हातात पैसे पडतात ते काट्यावरच्या वजनाचे. त्याच्या फडाचा उतारा वेगळा कुणी मोजत नाही. मग तो टनेजच बघणार. दुसरीकडे ८६०३२वाल्याची तक्रारही खोटी नाही: शेजाऱ्याच्या २६५ने सरासरी खाली आली तर दर दोघांचा घसरतो.

कारखान्यांनी सगळं खापर जातीवर फोडावं हे मात्र पटत नाही. तोडलेला ऊस गाडीत दोन-दोन दिवस वाळतो, फड पेटवून तोड होते, जुन्या लागणीचा आडसाली ऊस उभा असताना टोळीच्या सोयीने नंतर लावलेला कोवळा सुरू ऊस आधी तुटतो. या सगळ्याने उतारा पडतोच, पण त्यासाठी फॉर्मवर रकाना नाही. तोडणी पक्वतेप्रमाणे लावली तर २६५बद्दलची निम्मी ओरड थांबेल, असं पाडेगावच्या शिफारशी वाचूनही वाटतं.

आता लवकर साखर भरणाऱ्या एमएस १०००१ या जातीचं बेणं पुढे केलं जातंय. चांगल्या निचऱ्याच्या जमिनीत तो चालेल. कालव्याच्या खालच्या अंगाला, जिथे मार्चमध्ये सऱ्यांवर क्षारांची पांढरी खपली दिसते, तिथला माणूस अजून २६५चंच बेणं शोधतो.