गिझरचा वॉल्व्ह टपकतो म्हणून बूच मारू नका

नवा गिझर बसवला की आठवड्याभरात थंड पाण्याच्या नळीवरच्या सुरक्षा वॉल्व्हकडं बोट दाखवून कुणीतरी सांगतंच, "वॉल्व्ह टपकतो, माल खराब आहे, बूच मारा." आमच्या अकोल्याकडच्या गावांत हे वर्षानुवर्षं चालत आलंय आणि ते जिवावर बेतणारं आहे.

पाणी तापलं की फुगतं. १५ लिटर पाणी २० वरून ७० अंशांवर गेलं की सुमारे ३०० मिलिलिटर जास्त जागा मागतं. वॉल्व्ह ते मागं छतावरच्या टाकीकडं जाऊ देत नाही, म्हणून दाब वाढला की थेंब बाहेर सोडतो. तेच त्याचं काम! बूच मारलं आणि उद्या पाणी तापलं की वीज तोडणारा थर्मोस्टॅट अडकला, तर वाफेला वाट उरत नाही, गिझरची टाकी फुटते.

गिझर बंद असतानाही धार चालू असेल तर मात्र वॉल्व्ह बदला. खारपाण पट्ट्यातल्या बोअरच्या पाण्याचा क्षार त्यात बसतो.

जुना गिझर काढताना जुना वॉल्व्ह नव्याला लावू नका. वॉल्व्ह आणि गिझरच्या मध्ये कॉक नको. टपकणाऱ्या पाण्याची नळी खाली उतरती, तोंड उघडं ठेवा. आयएसआय खूण बघा, अर्थिंग मिस्त्रीकडून तपासूनच बटण दाबा.