रिकामी टाकी जास्त घातक का असते?

"पेट्रोल तर कधीच उपसलंय साहेब, रिकाम्या टाकीला काय होतंय?" ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या एका बंद पंपावर जमिनीखालची टाकी काढायचं काम चालू होतं. गॅस कटर घेऊन आलेल्या वेल्डरने मला हे अगदी मनापासून विचारलं. वर्षानुवर्षं लोखंड कापणाऱ्या या माणसाला ही गोष्ट कुणीच समजावून सांगितली नव्हती, याचं मला फार वाईट वाटलं.

पेट्रोलची वाफ जळते, तीही हवेत ठरावीक प्रमाणात मिसळली तरच. वाफ १.४ टक्क्यांहून कमी असली तर पेट घेत नाही. ७.६ टक्क्यांच्या वर गेली तरी नाही, कारण मग प्राणवायू पुरत नाही. भरलेल्या टाकीतली वाफ या वरच्या मर्यादेपेक्षा कितीतरी दाट असते. टाकी उपसली की बाहेरची हवा आत शिरते, वाफ विरळ होते आणि नेमकी पेटण्याच्या टप्प्यात येते. २० हजार लिटरच्या टाकीत हा टप्पा गाठायला २८० लिटर वाफ लागते, म्हणजे जेमतेम लिटर-सव्वा लिटर पेट्रोल. तळाच्या गाळात आणि गंजाच्या पापुद्र्यांत तेवढं सहज मुरलेलं असतं.

म्हणून कटर लांबच ठेवायचा आणि आधी टाकीतला प्राणवायू हटवायचा. त्यासाठी नायट्रोजन सोडतात किंवा ड्राय आइस, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, टाकतात. त्या दिवशी जाड हातमोजे घातलेला एक पोरगा उणे ७८ अंशांचे ते तुकडे मॅनहोलमधून आत सोडत होता. एक किलो ड्राय आइसपासून सुमारे ५०० लिटर कार्बन डायऑक्साइड होतो. थोड्या वेळाने पांढरं धुकं काठावरून ओसंडलं आणि खड्ड्यात उभ्या असलेल्या दोघांच्या पोटऱ्यांशी साचू लागलं. मुकादम ओरडला, "वर या आधी!" त्याचं बरोबर होतं. हा वायू हवेच्या दीडपट जड, पेट्रोलची वाफ तर तीन-चार पट. दोन्ही खड्ड्यात उतरतात, आणि धुकं विरलं तरी वायू तिथेच असतो.

सगळ्यात मोठी फसगत मीटरची होते. ज्वलनशील वायू मोजणारे बरेच मीटर आत तापलेल्या मण्यावर तो वायू जाळून प्रमाण सांगतात. जाळायला प्राणवायूच नसेल तर टाकी वाफेने भरलेली असूनही काटा शून्याजवळ राहतो. म्हणून पहिल्यांदा प्राणवायूचा आकडा बघायचा. साध्या हवेत तो २०.९ टक्के असतो. १९.५ च्या खाली गेला तर आत डोकं घालायचं नाही. फार खाली गेलेला असेल तर माणूस हाक मारायच्या आत कोसळतो, आणि त्याला काढायला धावलेला दुसराही. बाहेर हार्नेसची, म्हणजे आत उतरलेल्याच्या अंगावरच्या पट्ट्यांची, दोरी धरून बसलेला माणूस हवाच, तो कितीही 'रिकामा' दिसला तरी. वाचन वर, मध्ये आणि तळाशी घ्यायचं, आणि जेवणाच्या सुट्टीनंतर पुन्हा. उन्हात तापलेला गाळ सकाळी 'साफ' निघालेली टाकी दुपारी परत वाफेने भरतो.

मातीचंही ऐका. खाडीकाठच्या भरावाच्या जमिनीत पाणी वरच लागतं. पावसाळ्यात २० हजार लिटरच्या रिकाम्या टाकीला पाणी जवळपास २० टनांच्या जोराने वर ढकलतं, टाकीचं वजन मात्र काही टनच. वरची माती काढली की ती अचानक उसळू शकते. खड्ड्याच्या भिंतींना टेकू हवाच. घनमीटरभर माती दीड टनाहून जास्त भरते, छातीपर्यंत गाडलेल्या माणसाला श्वास घेता येत नाही.

हायड्राने, म्हणजे फिरत्या क्रेनने, टाकी वर आली की सगळी भोकं बुच लावून बंद करतात, पण एका बुचात सुमारे ३ मिलिमीटरचं छिद्र ठेवतात. ट्रकवर उन्हात तापताना आतला दाब तिथून सुटतो. टाकी चढवताना ते छिद्र वरच्या बाजूला आहे ना, हे मी स्वतः शिडी लावून पाहिलं. तो वेल्डरही माझ्यामागून वर चढला आणि बराच वेळ त्या छिद्राकडे बघत राहिला.