तबकडीची सुई आणि कार्ट्रिज

ग्रामोफोनच्या तबकडीच्या खाचेतून फिरणारे हिऱ्याचे किंवा नीलमाचे बारीक टोक म्हणजे सुई. तिच्या थरथरीतून वीज निर्माण करणारी डबी म्हणजे कार्ट्रिज. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी घरांत दोन्हीला मिळून ‘पिन’ म्हणायची सवय आहे. ऐकण्याबोलण्यात त्याने काही बिघडत नाही, खरेदीत मात्र बिघडते. पुष्कळदा नुसती सुई बदलून भागत असताना माणूस अख्खे कार्ट्रिज घेऊन येतो.

निवड तबकड्यांची पेटी उघडून करावी, किमतीवरून नव्हे. सीमाभागातल्या जुन्या घरातली पेटी मिश्र असते : आजोबांच्या वेळच्या नाट्यपदांच्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या लाखी तबकड्या, त्यांतच एखादी कन्नड वचनांची (शिवभक्त शरणांच्या पदांची), वर सिनेमाच्या ४५ फेऱ्यांच्या छोट्या आणि सगळ्यांत शेवटी ख्यालाच्या एलपी, म्हणजे लाँग प्ले तबकड्या. बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेल्या कुमार गंधर्वांचे बालपणीचे गाणे ७८ वर आहे आणि प्रौढपणीचे एलपीवर. दोन्ही एका सुईने ऐकता येत नाही. ७८ ची खाच रुंद. तिला साधारण ७५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) त्रिज्येचे टोक लागते, तर एलपीच्या गोल सुईचे टोक १५ ते १८ मायक्रॉनचे असते. एलपीची सुई ७८ वर ठेवली तर ती खाचेच्या तळाशी घासते आणि गाण्यापेक्षा खरखर जास्त येते. उलट केले तर जाड टोक एलपीच्या खाचेत उतरतच नाही, वरच्या कडा खरवडून काढते. चावीच्या कर्णेवाल्या फोनोवर तर एलपी कधीच लावू नये. त्याच्या साउंडबॉक्सचा, म्हणजे सुई धरून आवाज काढणाऱ्या डबीचा, भार १०० ग्रॅमच्या घरात असतो आणि पोलादी सुई एका बाजूपुरतीच चालते.

विजेच्या कार्ट्रिजचे प्रकार मुख्यतः तीन. स्फटिकाचे व सिरॅमिकचे कार्ट्रिज जुन्या सुटकेससारख्या प्लेअरमध्ये असे, आवाज दणदणीत. स्फटिकाच्या कार्ट्रिजमधला रोशेल मिठाचा स्फटिक दमटपणाने खराब होतो. खानापूरकडच्या पावसाळ्यात माळ्यावर राहिलेला प्लेअर ‘एकाएकी’ मुका झाला, तर बहुधा सुईचा दोष नसतो. आज सर्रास मिळते ते हलत्या चुंबकाचे, म्हणजे एमएम. ते साधारण ३ ते ६ मिलिव्होल्ट देते आणि त्याची सुई बोटाने ओढून काढता येते. हलत्या तारगुंडीच्या एमसीचा आवाज नाजूक, पण वीज बहुधा अर्ध्या मिलिव्होल्टच्या आत. त्याला ती वाढवणारा वेगळा प्रीअँप लागतो आणि सुई घरी बदलता येत नाही. पहिले कार्ट्रिज घेणाऱ्याने एमसीच्या वाटेला जाऊ नये, असे स्पष्ट म्हणावेसे वाटते.

सुईचा आकार कानाला कुठे कळतो? लेबलजवळ. एलपी मिनिटाला ३३⅓ फेरेच घेते, पण बाहेरच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटीमीटर सरकते आणि लेबलपाशी जेमतेम २१. तेवढ्या कमी जागेत तोच सूर दाटीवाटीने कोरलेला असतो. आपल्या संगीताची गंमत अशी, की विलंबित प्रशस्त बाहेरच्या कडेला पडते आणि द्रुत, ताना आणि वाद्यांवरचा ‘झाला’ नेमक्या त्या चिंचोळ्या जागेत येतात. गोल टोकाने तिथे तान गढूळ होते, ‘स’ आणि ‘श’ फिसकटतात. लंबगोल टोक बरेच सावरते; शिबाता किंवा मायक्रोलाइन ही आणखी बारीक कडांची टोके त्याहून जास्त, पण त्यांना मांडणी काटेकोर लागते. ख्याल ऐकणाऱ्याने निदान लंबगोल घ्यावे.

इकडे ‘डीजे’ म्हटले की गणपतीच्या मिरवणुकीतली स्पीकरांची भिंत डोळ्यांपुढे येते. तिथे तबकडीचा संबंध नसतो, आणि असती तरी त्या दणक्याने सुई खाचेत टिकली नसती. तबकडी हाताने मागेपुढे फिरवणाऱ्या डीजेला मात्र उलट्या फेऱ्यातही न उडणारी, मजबूत काडीची (टोक जिच्यावर बसते ती) गोल सुई आणि ३ ते ४ ग्रॅम भार लागतो. टेक्निक्सच्या एसएल-१२०० सारख्या टर्नटेबलवर हेडशेल, म्हणजे दांड्याच्या टोकाला कार्ट्रिज धरणारा भाग, फिरवून काढता येते. ऑर्टोफॉन कंपनीच्या १९७९ पासूनच्या काँकॉर्डमध्ये तर हेडशेल आणि कार्ट्रिज एकच. डीजेंच्या आवडत्या एम४४-७ कार्ट्रिजची निर्मिती शुअर कंपनीने २०१८ साली कार्ट्रिजचा व्यवसायच बंद केल्यावर थांबली. त्यावर बसणाऱ्या इतर कंपन्यांच्या सुया मिळतात, दर्जा कमीजास्त.

मिश्र पेटीसाठी ऑडिओ-टेक्निकाची व्हीएम९५ मालिका सोयीची. डबी तीच ठेवून गोल, लंबगोल, शिबाता किंवा ७८ ची सुई बसवता येते. मात्र सुईबरोबर भारही बदलावा लागतो : एलपीच्या सुयांना २ ग्रॅम, ७८ च्या सुईला ५. भार छोट्या डिजिटल काट्यावर मोजावा. सुई उडते म्हणून हेडशेलवर चार आण्याचे नाणे ठेवण्याची युक्ती घरोघर चालली, पण ते नाणेच अडीच ग्रॅमचे, म्हणजे २ ग्रॅमचा भार दुपटीहून वर. उडणे थांबते आणि खाच झिजते.

हिऱ्याच्या सुईचे आयुष्य आकारानुसार साधारण ३०० ते १००० तास. नीलमाचे त्यामानाने फारच कमी. रोज एक एलपी दोन्ही बाजूंनी ऐकली तर ५०० तास भरायला जवळजवळ दोन वर्षे लागतात. झीज बघायची तर सुई काढून सराफी भिंगाखाली दिव्याकडे हळूहळू फिरवावी. चांगले टोक एका ठिपक्यात चमकते; झिजलेल्याच्या दोन्ही कुशींना आरशासारखे सपाट चट्टे उजळतात. जुन्या साठ्यातली न वापरलेली सुई दिसायला कोरी असते, पण काडीभोवतीचे रबर वर्षानुवर्षांत ताठरते. घेण्याआधी एकदा वाजवून पाहावी.