पार्श्वभूमी : गाज, रातकिडे आणि एका पुरस्काराचा घोळ

कोकणातल्या वाडीत रात्री-अपरात्री वावरलेल्याला रातकिड्यांच्या किर्रर्रची भीती वाटत नाही. ते एकदम गप्प झाले की मात्र पाऊल अडखळतं, कारण जवळून कुणीतरी गेलेलं असतं. पडद्यावरचा ताण बराचसा याच जाणिवेवर उभा राहतो. कानाला सवय झालेला एखादा आवाज काढून घ्यायचा आणि पुढचा आवाज यायला थोडा उशीर करायचा.

आपल्याकडची जुनी रीत नेमकी उलटी, म्हणजे भर घालण्याची. दशावतारात राक्षस येण्याआधी पखवाज आणि झांज चढत जाते. मूकपटांच्या खेळाला पेटी-तबला असायचा. १९३१ साली हिंदी बोलपट आला, १९३२ साली मराठी, आणि तेव्हा नट बोलत असतानाच आवाज मुद्रित व्हायचा. पुढे हलके पण घरघरणारे कॅमेरे आले, बाहेरचं चित्रीकरण वाढलं आणि संवाद स्टुडिओत पुन्हा बोलून घेण्याचा, म्हणजे डबिंगचा, रिवाज पडला. साठच्या दशकापासून विसावं शतक संपेपर्यंत तो टिकला. माझ्या मते नुकसान झालं ते इथे. जागेवरचा आवाजच टाकून दिला, तर काढून घ्यायला उरतं काय? मग भीतीच्या प्रसंगात व्हायोलिनं आणि दारांची करकर.

कच्छमध्ये चित्रित झालेल्या आणि २००१ साली प्रदर्शित झालेल्या एका गाजलेल्या हिंदी चित्रपटाने 'सिंक साउंड' पुन्हा चर्चेत आणला. सिंक साउंड म्हणजे चित्रीकरणाच्या वेळीच मुद्रित केलेला आणि शेवटपर्यंत वापरलेला संवाद. किनाऱ्यावर हे काम जिकिरीचं. समुद्राची गाज थांबत नाही, शिवाय ती बदलते. एका पात्राचं बोलणं ओहोटीला घेतलं आणि समोरच्याचं भरती लागल्यावर, तर एकाच संभाषणात समुद्र मागे-पुढे सरकल्यासारखा ऐकू येतो. माइकवरची केसाळ टोपी वारा अडवते, लाटा नाही. म्हणून जागेवरचा ध्वनिमुद्रक संवाद उरकल्यावर सगळ्यांना गप्प करून नुसती गाजच वेगळी टिपून ठेवतो. नंतर तीच पट्टी संवादांखाली अंथरली की तुकडे जुळतात, आणि खून व्हायच्या क्षणी हळूच ओढूनही घेता येते.

हे श्रेय कुणाचं, यावरून राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत मोठा गोंधळ झाला. २००९ च्या चित्रपटांपासून ध्वनीच्या पुरस्काराचे तीन भाग होते: जागेवरचा ध्वनिमुद्रक, साउंड डिझायनर (चित्रपटात कुठे काय ऐकू येईल ते रचणारा) आणि सगळ्या आवाजांचं अंतिम मिश्रण करणारा. त्यातला पहिला फक्त सिंक साउंडच्या चित्रपटांसाठी होता. २०२२ मध्ये जाहीर झालेल्या, २०२० सालच्या पुरस्कारांत तो एका कन्नड चित्रपटाला मिळाला, आणि चित्रपट डब केलेला असल्याचं खुद्द त्याच्याच साउंड डिझायनरने सांगितलं. निवड करणाऱ्यांना दोन्हींतला फरक ऐकू आला नाही, असा टीकेचा सूर होता. उत्तम डबिंग ओळखू न येण्यासाठीच असतं, हा बचाव मला अगदीच पोकळ वाटत नाही. पण मग चित्रपट कसा ध्वनिमुद्रित झाला, हे कागदावर तरी तपासायला नको का?

त्यावरचा उपाय आणखी वादाचा. २०२२ च्या चित्रपटांपासून तिन्ही भाग मोडून एकच 'सर्वोत्कृष्ट साउंड डिझाईन' उरलं आणि ते फक्त साउंड डिझायनरला. रक्कम प्रत्येकी ५० हजारांवरून २ लाखांवर गेली, पण गुडघाभर पाण्यात उभं राहून गाज टिपणारा यादीतून गेला. त्यात मराठीत शब्दांचाही गुंता आहे. श्रेयनामावलीत कुठे ध्वनिआरेखन, कुठे ध्वनिसंयोजन, कुठे सरळ साउंड डिझाईन. प्रेक्षक मात्र सगळ्यालाच पार्श्वसंगीत म्हणतो.

तयार ध्वनिसंग्रहांनी आता काम सोपं केलंय, म्हणून शिमग्याच्या पालखीच्या रात्री पडद्यावर बेडूक ओरडतात. फाल्गुनात, खडखडीत विहिरीशेजारी! पावसाळी प्रसंगातही मंगलोरी कौलं दिसतात आणि सर वाजते ती पत्र्यावर. सर ओसरल्यावर पागोळ्या आधी धार धरून, मग थेंबाथेंबाने गळतात, आणि दोन थेंबांमधलं अंतर वाढत जातं. घरात एकट्या असलेल्या बाईचा प्रसंग त्या अंतरावर तोलता येतो. त्यासाठी जुलैतली एक रात्र पडवीत माइक लावून बसावं लागतं.