मान्यता वेगळी, नावलौकिक वेगळा: अमेरिकेतल्या मूलतत्त्ववादी ख्रिस्ती कॉलेजांची पदवी कशी पारखावी

बायबल शब्दशः मानणाऱ्या अशा कॉलेजांपैकी बॉब जोन्स युनिव्हर्सिटी १९२७ साली सुरू झाली, पण तिला पहिलं अ‍ॅक्रेडिटेशन, म्हणजे शैक्षणिक मान्यता, मिळालं ते थेट २००६ मध्ये. मधल्या काळात तिथून हजारो पाळक, शिक्षक आणि मिशनरी बाहेर पडले आणि त्यांच्या वर्तुळात या पदवीला भरपूर मान होता. बाहेरच्या जगात तीच पदवी कित्येक विद्यापीठांच्या प्रवेश कार्यालयांत अडायची. मान्यता आणि नावलौकिक एकच समजलं की माणूस दोन्हीकडून फसतो. मान्यता नाही म्हणजे कॉलेज बोगस, असं बाहेरच्यांना वाटतं. मान्यता घेतली म्हणजे कॉलेजने विश्वासाशी तडजोड केली, असं आतल्यांना वाटतं.

मान्यता ही कागदोपत्री आणि मोजता येणारी गोष्ट आहे. कॉलेज आधी पात्रतेचा अर्ज करतं, मग स्वतःचा सविस्तर आत्मपरीक्षण अहवाल लिहितं. त्यानंतर दुसऱ्या कॉलेजांतल्या प्राध्यापक-प्रशासकांचं पथक येऊन काही दिवस सगळं तपासतं आणि शेवटी मान्यता देणारा आयोग मतदान करतो. पूर्ण सदस्यत्वाआधी काही वर्षं ‘उमेदवार’ दर्जा असतो. पथकाचा मुख्य प्रश्न असा: तुम्ही तुमचं जे ध्येय लिहून दिलंय, ते खरंच पार पाडता का, आणि त्याचा पुरावा काय? सृष्टी सहा दिवसांत निर्माण झाली असं कॉलेज मानतं म्हणून त्याला नकार मिळतोच असं नाही. जेरी फॉलवेल या धर्मोपदेशकाच्या लिबर्टी युनिव्हर्सिटीला अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांसाठीच्या प्रादेशिक आयोगाने १९८० मध्येच मान्यता दिली होती.

मग खरी ओढाताण कुठे होते? प्राध्यापकांच्या पदव्यांमध्ये आणि कारभारात. दक्षिणेकडच्या आयोगाचा संकेत असा की पदवीचे वर्ग घेणाऱ्याकडे मास्टर्स हवी, आणि तो जो विषय शिकवतो त्यातले किमान १८ पदव्युत्तर क्रेडिट तास हवेत. इथेच जुन्या कॉलेजांची गोची व्हायची, कारण त्यांचे बरेचसे शिक्षक त्यांच्याच विनामान्यता पदव्या घेऊन तिथेच चिकटलेले असत. दुसरी अट नियामक मंडळाची: किमान पाच सदस्य, मूठभरांच्या हातात सत्ता नको आणि अध्यक्षाने स्वतःच मंडळाचं प्रमुखपद घ्यायचं नाही. घराण्याच्या ताब्यातल्या संस्थेला ही अट सिद्धांतापेक्षा जास्त बोचते. बॉब जोन्समध्ये घराण्याबाहेरचा पहिला अध्यक्ष २०१४ मध्ये आला. शिवाय दरवर्षी स्वतंत्र लेखापरीक्षण लागतं. ‘तडजोड’ म्हणून जे बोललं जातं, त्यातला बराच भाग या उत्तरदायित्वाविषयीच्या नाराजीचा आहे, असं आम्हाला स्पष्ट वाटतं.

नावलौकिक कोणताही आयोग देत नाही. तो चर्चच्या पाळकांकडे, ख्रिस्ती शाळांच्या मुख्याध्यापकांकडे आणि मिशन मंडळांकडे असतो. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या सहाव्या अध्यायातला ‘विश्वास न ठेवणाऱ्यांपासून वेगळे राहा’ हा आदेश या वर्तुळात फार गांभीर्याने घेतला जातो, म्हणून मान्यता नाकारणं हीच कित्येक वर्षं शुद्धतेची खूण होती. पेन्साकोला ख्रिश्चन कॉलेज १९७४ पासून विनामान्यता चाललं, तरी त्याच्याशी जोडलेल्या ‘अबेका’ या पाठ्यपुस्तकांमुळे देशभरातल्या ख्रिस्ती शाळांत त्याचं नाव घट्ट रुजलं. मान्यता त्याने २०१३ मध्ये घेतली. याच्या उलट क्लिअरवॉटर ख्रिश्चन कॉलेजकडे प्रादेशिक मान्यता होती, तरी पैशाअभावी ते २०१५ मध्ये बंद पडलं.

मान्यतेतही ‘राष्ट्रीय’ आणि ‘प्रादेशिक’ अशा दोन जाती मानल्या जायच्या आणि त्यांची सरमिसळ होते. ‘ट्रॅक्स’ ही ख्रिस्ती कॉलेजांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था १९७९ मध्ये निघाली आणि अमेरिकी शिक्षण खात्याने १९९१ मध्ये तिला मान्य केलं. बॉब जोन्सने २००६ मध्ये घेतलेली मान्यता हीच. दक्षिणेकडच्या प्रादेशिक आयोगाची २०१७ मध्ये मिळाली. जुलै २०२० पासून शिक्षण खातं ‘प्रादेशिक’ आणि ‘राष्ट्रीय’ हा भेद करत नाही, पण आधीच्या कॉलेजातले क्रेडिट ग्राह्य धरायचे की नाही हे समोरचं विद्यापीठ ठरवतं आणि जुन्या सवयी सहज जात नाहीत. राज्याची परवानगी हा आणखी वेगळा विषय. सृष्टी देवाने निर्माण केली हे मत मांडणाऱ्या इन्स्टिट्यूट फॉर क्रिएशन रिसर्चला पूर्वी ट्रॅक्सची मान्यता मिळालेली होती, तरी विज्ञानशिक्षणातली मास्टर्स देण्याची परवानगी टेक्सासने २००८ मध्ये नाकारली.

करसवलतीचा तर मान्यतेशी संबंधच नाही. १९८३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात बॉब जोन्सने सवलत गमावली ती आंतरवंशीय प्रेमसंबंधांवरच्या बंदीमुळे. ती बंदी २००० मध्ये उठली आणि सवलत परत आली २०१७ मध्ये, म्हणजे प्रादेशिक मान्यता मिळाली त्याच वर्षी. म्हणून ‘मान्यतेसाठी धोरण बदललं’ अशी चुकीची जोडणी अनेक जण करतात. वंशभेदाचा तो नियम मुळात अन्यायकारक होता आणि तो सोडणं ही तडजोड नव्हती.

आता व्यवहाराचं. अमेरिकी शिक्षण खात्याच्या मान्यताप्राप्त संस्थांच्या यादीत कॉलेजचं नाव पाहाच, पण मान्यतेची सुरुवातीची तारीखही पाहा, कारण ती सहसा मागे लागू होत नाही. २००१ ची बॉब जोन्सची पदवी आज मान्यताप्राप्त ठरत नाही. कॉलेजने विद्यार्थी व्हिसासाठी लागणारा आय-२० हा फॉर्म दिला म्हणजे मान्यता आहे असंही समजू नका. विनामान्यता संस्थेलाही, तिचे क्रेडिट तीन मान्यताप्राप्त संस्था बिनशर्त स्वीकारतात हे दाखवून, ती सोय मिळू शकते. नर्सिंग किंवा शिक्षक परवान्यासाठी त्या अभ्यासक्रमाची वेगळी मंजुरी तपासावी लागते. भारतात परतायचं असेल तर यूजीसीच्या २०२५ च्या समकक्षता नियमांत, परदेशी संस्था तिच्या देशात रीतसर मान्यताप्राप्त असावी अशी अट आहे.

आपल्याकडेही हाच फरक दिसतो. पुण्यात बिबवेवाडीची युनियन बिब्लिकल सेमिनरी (पाळक घडवणारं धर्मशिक्षणाचं कॉलेज) पश्चिम बंगालमधल्या सेरामपूर कॉलेजच्या सिनेटशी संलग्न आहे, आणि सेरामपूरचा पदवी देण्याचा अधिकार १८२७ ची डॅनिश सनद व १९१८ चा कायदा यांवर उभा आहे. एशिया थिऑलॉजिकल असोसिएशनची मान्यता मात्र सेमिनरींनी एकमेकींना दिलेली पसंती आहे. चर्चच्या कामाला ती पुरते, सरकारी नोकरीच्या अर्जाला पुरेलच असं नाही. प्रवेश घेण्याआधी पुढे जिथे शिकायचं किंवा नोकरी करायची आहे तिथल्या कार्यालयाला ईमेल करा, ‘या कॉलेजची पदवी चालेल का?’ असं थेट विचारा आणि लेखी उत्तर मिळाल्याशिवाय फी भरू नका.