वायद्याच्या व्यसनाची पूर्वपीठिका

फ्युचर्स आणि ऑप्शन्सच्या, म्हणजे शेअरच्या पुढच्या भावावर आज लावलेल्या वायद्यांच्या, व्यवहारांत घरची पुंजी घालवून बसलेल्या माणसाला आज आपण व्यसनाधीन म्हणू लागलो आहोत. परंतु या व्यसनाची ओळख आपल्या समाजाला फार जुनी आहे. कौटिल्याने ‘अर्थशास्त्रा’त मद्य आणि मृगया यांच्या पंक्तीला द्यूत बसवले होते. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील अक्षसूक्तात तर जुगारी स्वतःच कबुली देतो की, यापुढे खेळणार नाही असे मी ठरवतो, पण टाकलेल्या फाशांचा आवाज कानी येताच पाय तिकडेच वळतात.

मुंबईने हे सारे अंगावर घेतले ते १८६० च्या दशकात. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली आणि इंग्लंडमधील लँकेशायरच्या गिरण्यांना कापसासाठी हिंदुस्थानाकडे वळावे लागले. भाव इतके चढले की गाद्या उसवून आतला कापूस विकल्याच्या हकिकती अजून सांगितल्या जातात. इथवर तो व्यापार होता, आणि त्यात गैर काहीच नव्हते. मात्र हाती आलेला पैसा पुरेसा वाटेना, म्हणून बँका, वित्तसंस्था आणि समुद्र हटवून जमीन करू पाहणाऱ्या कंपन्या यांचे पेव फुटले. बॅक बे कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांपर्यंत गेला. प्रेमचंद रायचंद यांच्यासारख्या दलालांच्या शब्दावर बँक ऑफ बॉम्बे शेअर तारण ठेवून कर्ज देत होती आणि त्या कर्जातून पुन्हा शेअरच घेतले जात होते. माझ्या मते व्यापाराचे व्यसन झाले ते याच ठिकाणी, कारण पुढच्या भावाखेरीज त्या पैशाला दुसरे कामच उरले नाही.

एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेचा सेनापती जनरल ली याने शरणागती पत्करली, युद्ध संपत आले आणि कापूस कोसळला. १ जुलै हा वायदे पुरे करण्याचा दिवस होता. त्या दिवशी देणे देण्याची ऐपत कोणातच उरली नव्हती. बॅक बेचा शेअर दोन हजारांच्याही खाली आला, बँक ऑफ बॉम्बे १८६८ मध्ये गुंडाळावी लागली आणि कोट्यधीश प्रेमचंदही बुडाले. त्यांच्या देणगीतून उभा राहिलेला राजाबाई टॉवर पूर्ण झाला तो पुढे १८७८ मध्ये.

वैद्यकशास्त्राला मात्र हे व्यसन ओळखायला वेळ लागला. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने जुगाराच्या विकाराला १९८० मध्ये आपल्या निदानपुस्तिकेत स्थान दिले, पण दारू आणि अमली पदार्थ यांच्या शेजारी, व्यसनांच्या प्रकरणात, तो आला २०१३ मध्ये. धनलोभ असे स्वतंत्र निदान त्या पुस्तिकेत नाही. भांडवली बाजाराची नियामक संस्था ‘सेबी’ने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार तीन वर्षांत ९३ टक्के वैयक्तिक गुंतवणूकदारांना फ्युचर्स आणि ऑप्शन्सच्या व्यवहारांत तोटा झाला, आणि लागोपाठ तोटा होऊनही त्यांतील ७५ टक्क्यांहून अधिक जणांनी व्यवहार चालूच ठेवले.